सुरतेला उतरलेला पोरगा

२५ मार्च १९१६. बडोद्याहून मुंबईकडे निघालेल्या गाडीत एक वीस वर्षांचा मुलगा इंटरच्या परीक्षेला चालला होता. सुरत आलं आणि तो खाली उतरला. परीक्षा राहिली बाजूला. घरी पत्र टाकलं की मुंबईला न जाता दुसरीकडे जातोय, वावगं काही करणार नाही एवढा विश्वास ठेवा.

मुलाचं नाव विनायक नरहर भावे. पुढे जग त्याला विनोबा म्हणू लागलं.

आज हे लिहायचं कारण म्हणजे निकालांचा मोसम. आमच्याकडे खारघर, बेलपाडा, कामोठे, जिकडे बघावं तिकडे क्लासवाल्यांचे फलक. आणि प्रत्येक घरात एकच प्रश्न, "मग, काय ठरलं?" सतरा-अठरा वर्षांच्या पोराला "अजून काही ठरलं नाही, काका" असं म्हणायची चोरी झालीय. म्हटलं तर समोरचा असा बघतो जणू पोराला काही आजारच आहे.

विनोबा आपल्याच जिल्ह्यातले. पेण तालुक्यातलं गागोदे हे त्यांचं जन्मगाव, जन्म ११ सप्टेंबर १८९५. बेलपाड्याहून गागोद्याला निघालात तर पळस्पे ओलांडल्यावर वाटेत शिरढोण लागतं. ते आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. आता योगायोग बघा. वीस वर्षांच्या विनोबांपुढे दोनच वाटा होत्या. एक हिमालयाची, साधनेची. दुसरी बंगालची, म्हणजे बॉम्ब-पिस्तुलांच्या क्रांतीची. वंगभंगानंतरचे दिवस होते ते. ज्या बडोदा कॉलेजात विनोबा शिकत होते, तिथेच काही वर्षांपूर्वी अरविंद घोष प्राध्यापक होते. तेही बंगालमध्ये जाऊन क्रांतिकार्यात उतरले, तुरुंग भोगून आले आणि १९१० मध्ये पाँडिचेरीला जाऊन योगसाधनेला बसले. म्हणजे ज्यांच्याकडे बघावं त्यांचाच रस्ता मध्येच वळलेला. पोरानं शिकायचं कुणाकडून?

घर सोडण्याआधी त्यानं आणखी एक उद्योग केला होता. आई चुलीपाशी बसली होती, हा आला आणि आपली सर्टिफिकिटं चुलीत घालू लागला. आई म्हणाली, आज लागत नसतील, पण राहिली तर बिघडतं कुठे? बरोबरच होतं तिचं, कुठल्याही आईनं हेच म्हटलं असतं. पण पोराला परतीची वाट ठेवायची नव्हती. गंमत अशी, की परतीची वाट जाळून टाकली तरी पुढची कुठली ते ठरलेलंच नव्हतं! हिमालय आणि बंगाल दोन्हींच्या रस्त्यावर काशी पडते, म्हणून तो काशीला गेला. मला विचाराल तर या गोष्टीतला हा सगळ्यात शहाणा निर्णय. एक वाट पक्की होईना, तर जिथून दोन्हीकडे जाता येईल अशा ठिकाणी जाऊन राहायचं.

काशीत अन्नछत्रात जेवायचं, संस्कृत ग्रंथ वाचायचे, गंगेकाठी बसायचं. तिथला एक प्रसंग ते पुढे सांगत. पंडितांची द्वैत-अद्वैतावर सभा झाली आणि अद्वैतवाले जिंकल्याचं जाहीर झालं. हा पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, आज हरले ते अद्वैतवालेच. खरा अद्वैती वादाला उभाच कसा राहील? वादाला उभं राहिलात तिथेच दोन मानलेत. स्वतःचं काही ठरलेलं नसताना, ज्यांचं सगळं ठरलंय त्यांच्या बोलण्यातली फट त्याला नेमकी दिसली.

काशीत तेव्हा एका भाषणाची चर्चा अजून चालू होती. ६ फेब्रुवारीला हिंदू विद्यापीठाच्या समारंभात गांधी बोलले होते. दागिन्यांनी मढलेल्या राजेमहाराजांना त्यांनी समोरासमोर सुनावलं होतं, राजे उठून गेले होते, ॲनी बेझंटबाईंनी भाषण थांबवायला सांगितलं होतं. विनोबांना यात हिमालय आणि बंगाल एकाच माणसात दिसू लागले. पण पटकन जाऊन पाय धरले असं झालं नाही. त्यांनी पत्र लिहिलं, शंका विचारल्या. उत्तर आलं, त्यावर आणखी शंका काढल्या. शेवटी गांधींनी कळवलं की असे प्रश्न पत्रांनी सुटत नाहीत, आश्रमात या आणि राहून बघा. ७ जून १९१६ ला अहमदाबादजवळ कोचरबच्या आश्रमात दोघांची भेट झाली. गांधी भाजी चिरत होते. त्यांनी याच्याही हातात सुरी दिली.

सुरतेपासून कोचरबपर्यंत ७४ दिवस. आपण विनोबांचा इतिहास सांगताना हे दिवस एका वाक्यात उरकतो आणि थेट भूदानावर येतो. आणि कोचरबला सगळं मिटलं असंही नाही. वर्षभरात त्यांनी गांधींकडे रजा मागितली आणि ते वाईला गेले, प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे वेदान्त शिकायला. काहीतरी अजून कळायचं राहिलं होतं. वर्षानं, ठरलेल्या दिवशी, ते परत आश्रमात हजर झाले.

आता बेलपाड्याकडे येतो. आज तिथे मेट्रोचं स्टेशन आहे, नोव्हेंबर २०२३ पासून गाडी धावते. पण दोन पिढ्यांमागे या पट्ट्यात भातशेती होती. १९७० नंतर नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या. पुढे १९८४ साली जासईत गोळीबार झाला, माणसं गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडापर्यंत गोष्ट आली. आजोबाला कुणी विचारलं नव्हतं, "काय ठरलं?" पाऊस पडला की लावणी, एवढंच ठरलेलं होतं. बापाचं आयुष्य मोबदला आणि सिडकोच्या खेटा यात गेलं. आता नातवाला विचारतात. त्याच्या घरात या प्रश्नाचं तयार उत्तरच नाही, कारण तो प्रश्न या घराला पहिल्यांदाच पडलाय. अशा पोराला आळशी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. (आपल्याकडे लग्न झालं की देवीचा गोंधळ मुद्दाम घालतात, रात्रभर संबळ वाजवून. पोराच्या डोक्यातल्या गोंधळाला मात्र एक रात्र मिळत नाही.)

पण प्रत्येक गोंधळ पवित्र असतो, असंही कुणी समजू नये. हे खुद्द विनोबांनीच सांगून ठेवलंय. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. गीता सुरूच होते ती अर्जुनाच्या घालमेलीपासून, आणि त्या अध्यायाच्या नावातही 'योग' आहे. विनोबा अर्जुनाला सहज सोडत नाहीत. ते न्यायाधीशाचं उदाहरण देतात. त्यानं कित्येकांना फाशी दिली, पण पोटचा पोरगा आरोपी म्हणून समोर आल्यावर त्याला एकदम फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागली. हा विचार म्हणून चूक नाही, पण ज्या वेळी आठवला ती वेळ संशयास्पद. अर्जुनाचं तसंच, सगेसोयरे समोर दिसले आणि अहिंसा आठवली. तरी अर्जुनाचा एक गुण विनोबा मानतात, तो सरळ आहे. मला कळत नाही म्हणतो, विचारतो, ऐकून घेतो, पुन्हा विचारतो.

हाच न्याय वीस वर्षांच्या विनोबांना लावला तर? त्यांच्या दोन्ही वाटा घराबाहेरच्या होत्या, दोन्हींत सोय नव्हती. आपल्यापैकी अनेकांच्या 'संभ्रमा'त एक वाट नेमकी सोयीची असते आणि दुसरी नुसती बोलायला ठेवलेली. आपल्या पक्षबदलू पुढाऱ्यांना 'जड अंतःकरणाने' होणारा संभ्रम तपासून बघा, न्यायाधीशाचा पोरगा कुठेतरी सापडतोच.

विनोबांचीही एक बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर ही आरती होईल. १९७५. आणीबाणी लागली तेव्हा ते पवनारला वर्षभराच्या मौनात होते. देशाला त्यांच्याकडून एक स्पष्ट शब्द हवा होता. त्यांनी लिहून दिले दोन, 'अनुशासन पर्व'. सरकारनं ते उचलले आणि देशभर मिरवले, तुरुंगांत हजारो माणसं कोंडलेली असताना. 'सरकारी संत' हा शिक्का बसला तो तेव्हाच. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की शासन सत्ताधाऱ्यांचं असतं, अनुशासन आचार्यांचं. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचं संमेलनही घेतलं. पण तोवर ते दोन शब्द भिंतींवर रंगवून झाले होते, आणि खुलासा कुणी भिंतीवर रंगवत नाही.