क्लॅरिनेटमध्ये फडके अडकल्यास...

लग्नाच्या बँडपासून सिंफनी वाद्यवृंदापर्यंत वाजणाऱ्या क्लॅरिनेटची नळी आतून जेमतेम १५ मिलिमीटर रुंद असते. वादनानंतर श्वासातला ओलावा टिपला नाही, तर लाकडाला तडा जाऊ शकतो. त्यासाठी दोरी बांधलेले फडके नळीतून ओढले जाते. मात्र वरच्या भागात रजिस्टर कळीखालची धातूची बारीक नळी आत डोकावते आणि गोळा झालेले फडके नेमके तेथेच अडकते. म्हणून फडके पूर्ण उलगडून, दोरीला गाठ नसल्याचे पाहून सावकाश ओढावे. अडकल्यास जोर लावू नये. ज्या बाजूने घातले, त्याच बाजूने हलकेच मागे घ्यावे. दोन्ही टोकांना दोरी असल्यास हे सोपे जाते. सळईने ढकलल्यास आतल्या भागाला ओरखडे पडतात. तरीही न निघाल्यास वाद्य कुशल कारागिराकडेच न्यावे.