खुंटीवरची माळ

आमच्या अहमदपूरच्या घरात देवळीशेजारी एक खुंटी होती. अण्णा, माझा थोरला भाऊ, प्यायला निघाला की गळ्यातली तुळशीची माळ काढून तिला अडकवायचा. माळ घालून दारूला शिवायचं नाही, एवढं इमान त्यानं राखलं होतं. वहिनी स्वयंपाकघरातून आधी खुंटीकडं बघायची, मग भाकरी किती थापायच्या ते ठरवायची.

दारू सोडवायची आमच्याकडची जुनी रीत हीच. पंढरीला जा, माळ घाल. लिंगायत शेजाऱ्यांनी मन्मथ स्वामींच्या कपिलधारला पायी जाऊन शपथ घ्यायची. पैसा लागत नव्हता. वारकऱ्यांच्या फडावरची चार माणसं वळणावर डोळा ठेवायची, तोच दवाखाना. सरकारकडून अपेक्षा कसली करणार? निजामाच्या राज्यात आम्ही बीदर जिल्ह्यात. शिंदीचा लिलाव व्हायचा, गुत्तेदार बोली लावायचा आणि पिणाऱ्याच्या घोटातून तिजोरी भरायची. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला. तिथं १९४९ चा दारूबंदीचा कायदा होता, तो पुढं आमच्याकडंही आला. पण भट्ट्या नदीकाठी, काट्यात सरकल्या, नवसागर घालून पेटतच राहिल्या. कायद्यानं पिणाऱ्याला धरलं. त्याचा थरथरता हात धरणं हे कायद्याचं काम नव्हतं.

ते काम पुण्यात कुणीतरी करतंय, हे आम्हाला पेपरातून कळलं. मुंबई-पुण्याची पोरं गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नादी लागलेली पाहून अनिल अवचटांनी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. कारभार डॉ. अनिता अवचटांचा, तिथं त्यांना मोठ्या मॅडम म्हणायचे. गर्दसाठी निघालेल्या त्या घरात दारूवालेही येऊ लागले. मला विचाराल तर खरी गर्दी त्यांचीच असणार होती.

अण्णा दोनदा माळ घालून दोनदा घसरला होता. तिसऱ्यांदा पंढरीची गोष्ट निघाली तेव्हा वहिनी म्हणाली, "भावजी, आता माळ नगं. पुण्याला न्या ह्यांना."

रात्रीची एसटी. पहाटे इंदापूरला चहा घेतला. अण्णाच्या हातात बशी राहीना, अर्धा चहा धोतरावर. वहिनीनं बशी धरली, त्यानं लहान पोरागत ओठ लावले. आजूबाजूचे बघत होते. ती कुणाकडं बघत नव्हती.

पस्तीस दिवस राहायचं होतं. तिथं कामाला होती ती माणसं बहुतेक स्वतःच पिऊन उठलेली, त्यामुळं अण्णाची एकही थाप चालेना. संध्याकाळी गोलात बसून आपापलं सांगायचं. ही पद्धत अमेरिकेतल्या अक्रन गावची, १९३५ सालची. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस तिथं सुरू झालं. अण्णाला मात्र ते फडावरच्यासारखं वाटलं, फक्त बुवा नसलेलं. वहिनीलाही बायकांच्या गटात बसवलं. तिथं काय बोलली ते तिनं कधी सांगितलं नाही.

परत आल्यावर त्यानं माळ घातली नाही. "वर्षभर निभावू दे," म्हणाला. दर महिन्याला फॉलोअपला पुण्याला जायचा, तिकिटं डब्यात जपायचा. स्टँडवर कुणी विचारलं, "अण्णा, कुठं?" तर म्हणायचा, "वारीला."

खुंटीला तोवर वहिनीनं पिशवी अडकवली होती.