घाम न येणाऱ्याचा थर्मोस्टॅट

कडेगावात थंडी पडली की पोल्ट्रीच्या शेडांत पिल्लांवर पिवळे बल्ब लागतात. खाली भाताचं तूस, भोवती पत्र्याचं कडं. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय आणि कडेला पळाली तर उकडतंय, एवढं वाचता आलं की झालं. याच अकलेच्या भांडवलावर पुण्यातल्या एका ओळखीच्यांनी मला बॉल पायथनच्या पेटीत हीट मॅट बसवायला बोलावलं. (आपल्याकडचे साप घरात ठेवायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हा परदेशी पाहुणा.) मॅटसोबत एक डबी होती, थर्मोस्टॅट. तो शब्द फोडून पाहिला आणि त्यातच अडकलो.

'थर्मोस' म्हणजे ग्रीकमध्ये उष्ण. संस्कृतातला 'घर्म' त्याचा सख्खा भाऊ, आणि घर्माचा मराठी मुलगा घाम. दुसरं अर्धं 'स्टॅट', म्हणजे जागच्या जागी ठेवणारं. ते आपल्या 'स्था' धातूच्याच घरातलं. शब्दाला शब्द ठेवायचा तर थर्मोस्टॅट म्हणजे 'घामस्थिर'. आणि तो लावायचा कुणाला? सापाला, ज्याला जन्मात घाम फुटत नाही!

मग 'गरम' कुठला? पुष्कळजण तोही घर्मातूनच काढतात. कर्माचं करम, धर्माचं धरम, तसं घर्माचं गरम, असा त्यांचा दाखला. ऐकायला छान आहे, पण मला पटत नाही. त्या चालीने 'घरम' व्हायला हवं होतं; 'घ'मधला 'ह' वाटेत कुठे सांडला? आपल्या मातीतली वाट कर्म-काम, चर्म-चाम, घर्म-घाम ही. गरम आला फारसी 'गर्म'मधून, म्हणजे इराणात वाढलेला चुलतभाऊ. एका आजोबाची तीन नातवंडं, एक अंगावर निथळतं, एक चहाला लागतं आणि तिसरं सापाच्या पेटीवर.

शेगडीचाही असाच वाद आहे. लाईट गेली की पोल्ट्रीवाले कोळशाची शेगडी पेटवतात, म्हणून ती याच कुळातली धरतो. 'शेकणे'वरून शेगडी, असं कुणीही सांगेल. पण अमरकोशात 'अंगारशकटी' आहे, निखाऱ्यांची गाडी, आणि गुजरातीत आजही 'सगडी' म्हणतात. तिथे 'शे' नाहीच. तेव्हा मूळ शकट, म्हणजे गाडीच. मराठीत शेकण्याच्या शेजाराने स चा शे झाला, असा माझा अंदाज. अंदाजच, पण मी तो सोडणार नाही.

आता यंत्राकडे. यूर नावाच्या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने 1830 मध्ये दोन धातूंच्या पट्टीचं पेटंट घेतलं आणि 'थर्मोस्टॅट' हे नाव रूढ केलं. म्हणून त्याला बाप मानतात. माझ्या मते त्याने फक्त बारसं केलं. बाप ड्रेबल, टेम्स नदीत पाण्याखालून नाव हाकणारा डच. 1620 च्या दशकात त्याने अंडी उबवायची भट्टी केली. आत उष्णता वाढली की अल्कोहोल फुगायचं, ते पाऱ्याला रेटायचं, पारा दांडी उचलायचा आणि भट्टीची हवा बंद व्हायची. त्याआधी मिसरमधले उबवणीवाले अंडं पापणीला टेकवून ऊब जोखत. म्हणजे सापाचा थर्मोस्टॅट मुळात कोंबडीचा. मला पोल्ट्रीतून बोलावलं ते चुकलं नव्हतं.

पण कोंबडीचं शहाणपण सापाला पुरत नाही. पिल्लू चटका बसायच्या आत पळतं. साप ऊब सापडली की पोट टेकून पडतो, कातडी भाजली तरी हलत नाही. म्हणून पेटीतला बल्ब जाळीतच हवा. मॅट पेटीखाली, तळाच्या एक तृतीयांश भागाला. तो कोपरा 31-32 अंश, दुसरा 25-26, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येईल. थर्मोस्टॅटशिवाय मॅट प्लगला लावायचीच नाही. पाण्याचं भांडं आत असतं, म्हणून अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारं ईएलसीबी हवंच. वायरला प्लगच्या खाली एक झोळ द्यावा, थेंब तिथून गळून जातो.

पहिल्या खेपेला मी हे सगळं केलं आणि थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान जोखणारं वायरचं टोक, साध्या चिकटपट्टीने डकवला. उबेने गोंद सुटला, प्रोब गार कोपऱ्यात लोळत राहिला. डबीला वाटलं पेटी थंड आहे, आणि मॅट रात्रभर तापत राहिली. सकाळी पेटीचा तळ वाकलेला होता. साप सुदैवाने पाण्याच्या भांड्यात जाऊन बसला होता.

आता प्रोब स्क्रूच्या क्लिपने बसवतो आणि शेजारी वेगळा थर्मामीटर ठेवतो. तुमच्याकडे पेटी असेल तर आज रात्री दिवे घालवण्याआधी प्रोब जागेवर आहे का, तेवढं बघा.