पारपत्र

पारपत्र (पासपोर्ट) : आपल्या नागरिकास परदेशी जाता यावे व तेथून परतता यावे, यासाठी राज्यसंस्थेने दिलेला ओळखीचा व राष्ट्रीयत्वाचा दाखला. परकीय राज्य देते ती प्रवेशाची अनुमती (व्हिसा) याहून निराळी होय.

प्रवासासाठी परवाना घेण्याची प्रथा जुनी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रातील जहाजांवर ‘कार्ताझ’ या परवान्याची सक्ती केली. अठराव्या शतकात कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर आपली दस्तके घेणे व्यापारी जहाजांना भाग पाडले. हे परवाने मुख्यत्वे जहाजांसाठी असत. व्यक्तिगत पारपत्राची सक्ती पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ झाली. राष्ट्रसंघाच्या १९२० च्या पॅरिस परिषदेने पुस्तिकेचा समान नमुना सुचविला. त्याच वर्षी भारतात प्रवेशासंबंधीचा पारपत्र अधिनियम संमत झाला. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास व नागपूर येथे प्रादेशिक पारपत्र कार्यालये स्थापन झाली.

१९२० चा अधिनियम प्रवेशापुरता होता. पारपत्र कोणास द्यावे, हे शासनाच्या मर्जीवर अवलंबून होते. सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल १९६७ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ही स्थिती अमान्य केली. परदेशगमन हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असून कायद्यावाचून तो हिरावता येत नाही, असे मुख्य न्यायाधीश सुब्बा राव यांनी बहुमताच्या वतीने प्रतिपादिले. परिणामी त्याच वर्षी पारपत्र अधिनियम अस्तित्वात आला. नकाराची कारणे लेखी नोंदविणे व त्यावर अपील करण्याची सोय, या त्यातील महत्त्वाच्या तरतुदी होत. १९७७ मध्ये मेनका गांधी यांचे पारपत्र जप्त करून कारणे देण्यास शासनाने नकार दिला. २५ जानेवारी १९७८ च्या निर्णयात न्यायालयाने कार्यपद्धती न्याय्य, उचित व वाजवी असली पाहिजे असे ठरविले. जप्तीचा आदेश मात्र रद्द झाला नाही. बाजू ऐकून घेण्याचे आश्वासन शासनाने दिल्यावर प्रकरण निकाली निघाले.

हक्क मान्य झाला, तरी कार्यालयाचे अंतर उरले. जिल्ह्यातील अर्जदारास प्रत्यक्ष कामासाठी दूरच्या शहरी जावे लागे. मोलमजुरी करणाऱ्यास त्यात रोजगारही बुडवावा लागे. २०१० पासून पारपत्र सेवा केंद्रे आणि २०१७ पासून टपाल कार्यालयांतील केंद्रे सुरू झाल्याने हे अंतर कमी झाले. जळगाव–भुसावळ मार्गावरील नशिराबादच्या रहिवाशास आता जळगाव येथील टपाल केंद्र जवळ पडते. तेथे ठरलेल्या वेळी मूळ कागदपत्रे दाखवावी लागतात, छायाचित्र व बोटांचे ठसे घेतले जातात. निर्णय प्रादेशिक कार्यालय करते. चौकशी स्थानिक पोलीस ठाण्याकडून होते. प्रौढांचे पारपत्र सामान्यतः दहा वर्षे वैध असते. ‘नूतनीकरण’ हा शब्द रूढ असला, तरी मुदत संपल्यावर जुन्या पुस्तिकेची मुदत न वाढविता नवी पुस्तिका नव्या क्रमांकाने दिली जाते.

१९६७ च्या अधिनियमानुसार पारपत्र ही केंद्र शासनाची मालमत्ता आहे. प्रवासाचा हक्क मात्र नागरिकाचा आहे. पुस्तिका शासनाची असली, तरी ती नाकारताना कारण देण्याची जबाबदारीही शासनावरच येते.