दारात उभा असलेला देव

पंढरीत पोचल्यावर वारकऱ्याचा एक क्रम ठरलेला असतो. आधी चंद्रभागेचे स्नान, मग वाळवंटातील भक्त पुंडलिकाचे दर्शन, मग महाद्वारी नामदेवरायांची पायरी आणि समोरची चोखोबारायांची समाधी, आणि त्यानंतर गाभाऱ्यातील विठुरायाचे चरण. गर्दीच्या रेट्यात आपण हा क्रम सवयीने पुरा करतो. जरा थांबून पाहिले तर लक्षात येते, की पूर्वसूरींनी या वाटेवर आपल्या संप्रदायाचा इतिहासच ओळीने मांडून ठेवला आहे. तो इतिहास दाराचा आहे. आत कोण, बाहेर कोण, आणि देव नेमका कोठे उभा आहे, याचा.

आरंभ पुंडलिकापासून होतो. पुंडलिक मातापित्यांच्या सेवेत होता. प्रत्यक्ष भगवंत दारी आले. पुंडलिकाने हातची सेवा टाकली नाही. जवळची वीट मागे भिरकावली आणि देवाला त्यावर थांबायला सांगितले. देवही थांबला. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि तिच्यातून मातृपितृभक्तीचा बोध घेत आलो आहोत. तो बोध खराच आहे. पण याच कथेत देवाचेही एक लक्षण सांगितले आहे. तो न बोलावता घरात शिरला नाही, वाट पाहावी लागली म्हणून रागावून परतला नाही. कमरेवर हात ठेवून तो दुसऱ्याच्या दाराबाहेर उभा राहिला. इतर ठिकाणी भक्त देवाच्या दारी तिष्ठतो. पंढरीत आधी देव भक्ताच्या दारी तिष्ठला. दाराबाहेर उभे राहणे काय असते, हे आपल्या देवाला ठाऊक आहे.

आता महाद्वाराकडे येऊ. मंदिरातील प्रसिद्ध चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातील दानांच्या नोंदी आहेत. देवगिरीच्या रामदेवराव यादवांचे ते राज्य. ज्ञानोबा माउलींचा जन्मही परंपरेने याच वर्षांतला, शके ११९७ चा मानला जातो. या लेखाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा होती, आणि असंख्य भाविकांच्या पाठी त्या दगडाला लागल्या. पण ज्यांना महाद्वाराच्या आत पाऊलच टाकता येत नव्हते, त्यांच्या पाठी त्या दगडापर्यंत कशा पोचणार?

त्यांतलेच एक चोखोबा. मंगळवेढ्याचे, महार कुळात जन्मलेले. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सारे घरच विठ्ठलभक्तीत रंगलेले, आणि सर्वांची अभंगरचना आपल्या गाथ्यांत आली आहे. देवळाच्या दारात मज्जाव होता, म्हणून चोखोबांनी नदीपलीकडे दीपमाळ उभारून तेथून सेवा केली, असे परंपरा सांगते. चोखोबांना आत येता येईना, तेव्हा देवच त्यांच्याकडे जेवायला गेला, अशीही कथा आहे. सोयराबाईच्या हातून देवाच्या पीतांबरावर दही सांडले. चोखोबा तिला बोलले. ते ऐकून बडव्याने चोखोबांच्या गालावर मारले, आणि देवळात मूर्तीचा गाल सुजलेला दिसला. कथेचा रोख उघड आहे. मार बाहेर बसला, पण तो आत उमटला.

शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर त्याखाली गाडले गेले. नामदेवराय तेथे गेले. ढिगाऱ्यातील अस्थी कानाशी धरून, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, आणि पंढरीला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. जिवंतपणी जेथवर येऊ दिले, तेथेच. पुढे शके १२७२ मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीला, नामदेवरायांनीही त्याच महाद्वारी समाधी घेतली. संतांची पायधूळ मस्तकी पडावी म्हणून त्यांनी पायरीची जागा मागून घेतली. ज्यांच्या कीर्तनात देव नाचला असे आपण म्हणतो, ज्यांना गाभारा परका नव्हता, त्यांनी अखेरची जागा दाराशी, चोखोबांसमोर निवडली. आत जाऊ शकणारा संत आत न जाऊ शकणाऱ्याच्या शेजारी येऊन राहिला. नामदेव पायरीचा हा अर्थ मला फार मोठा वाटतो.

तरीही दार उघडायला सहाशेहून अधिक वर्षे लागली. प्रत्येक आषाढीला दिंड्या आल्या, चोखोबांच्या समाधीवर डोकी टेकली, त्यांचे अभंग टाळमृदंगाच्या साथीने गायिले गेले; आणि त्यांचे भाऊबंद कळसाचे दर्शन घेऊन महाद्वारातूनच परतत राहिले. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा काढून हे शल्य लोकांपुढे मांडले, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. विरोध झाला, आपल्या संप्रदायातूनही झाला; ते झाकण्यात अर्थ नाही. पण गुरुजींना आसरा दिला तो मठानेच, हेही विसरता येत नाही. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर त्यांनी उपोषण सोडले. त्याच वर्षी मंदिरप्रवेशाचा कायदा झाला आणि विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. गाडगेबाबांनी पंढरीत बांधलेल्या धर्मशाळेला चोखोबांचेच नाव दिले होते. ती त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली.

दार उघडले. मग आता काय उरले? याचे उत्तर पंढरीच्या उत्सवांतच आहे. आषाढी जवळ आली की देवाचा पलंग काढतात. शेजारती थांबते, दर्शन रात्रंदिवस चालू राहते. उभ्या देवाच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते; गरम पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढा देतात, आणि मगच देव पुन्हा निजतो. शेवटचा वारकरी भेटेपर्यंत देव झोपत नाही, हा या उपचाराचा भाव. पुंडलिकाच्या दारी जो उभा राहिला, तोच आपल्यासाठीही उभा राहतो, आणि उभे राहताना तो कोणाचे कूळ विचारीत नाही.

पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो. सर्व पालख्या जमतात, एकाच्या हातचा घास दुसऱ्याच्या मुखी जातो, आणि मगच पालख्या परतीला लागतात. काल्याशिवाय वारीची सांगता नाही. पूर्वजांनी निरोपाचा प्रसाद म्हणून काला ठेवला, तो गावी घेऊन जाण्यासाठीच. कारण मंदिराचे दार कायद्याने उघडते. गावातल्या पाणवठ्याचे, पंगतीचे, घरच्या माजघराचे दार कोणताही कायदा उघडू शकत नाही. ते ज्याचे त्यानेच उघडावे लागते. वाळवंटात ज्याच्या पाया पडलो, त्याच्याच घरचे पाणी गावी परतल्यावर नको म्हटले, तर गोपाळपुरात खाल्लेला काला नुसत्या लाह्या आणि दहीच ठरेल.

म्हणून पुढच्या वारीला महाद्वाराशी आलो की दर्शनबारीची घाई क्षणभर बाजूला ठेवावी. पायरीला हात लावावा, चोखोबांच्या समाधीपुढे मस्तक टेकवावे, आणि मनाशी एकच विचारावे: माझ्या दाराबाहेर अजून कोणी उभे आहे काय? असेल, तर त्याच्या रूपाने कोण उभा आहे, हे वारकऱ्याला वेगळे सांगावे लागू नये.

रामकृष्णहरी.