एका लेनमध्ये पाच जण : तरण तलावावरचे रिवाज



आपल्यापैकी बरेच जण पोहायला शिकले ते विहिरीत, पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून. काहींनी पुण्याच्या टिळक तलावावर किंवा दादरला शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी तलावावर हातपाय मारले. विहिरीत लेन नसते. सूर मारायचा, मुटका मारायचा, दमलो की कपारीला धरून गप्पा ठोकायच्या. इथे अमिरातीत आल्यावर सुरुवात होते ती बिल्डिंगच्या गच्चीवरच्या छोट्या पूलपासून, आणि तिथेही लेनचा प्रश्न येत नाही. मग एक दिवस डॉक्टर सांगतात, "गुडघे दुखतात ना, पोहायला जा," आणि आपण मोठ्या सार्वजनिक तलावावर पोहोचतो. तिथे पाण्यावर दोऱ्या ताणलेल्या, आणि एकेका लेनमध्ये सगळ्या देशांची चार-पाच माणसे न बोलता इकडून तिकडे जात असलेली!

हा लेख लिहायला कारण घडले म्हणून लिहीत आहोत. आमच्या सकाळच्या गटातले एक काका, पट्टीचे पोहणारे, एका तलावात अशाच एका लेनमध्ये उतरले. आत दोन बाया पोहत होत्या. काकांनी कोणालाही न सांगता डावीकडून सुरुवात केली, आणि तिसऱ्या फेरीला समोरून येणाऱ्या बाईंच्या डोक्यावर त्यांचे डोके आपटले. बाईंच्या भुवईवर टाके पडले. काका आजही सांगतात, "मी तर सरळ रेषेत पोहत होतो." खरे आहे, पण त्या दोघीही सरळ रेषेतच पोहत होत्या.

गंमत अशी की लेन दोघांत असते तेव्हा नियम एक, आणि तिसरा आला की नियमच बदलतो. दोघे असतील तर लेन वाटून घेतात. तळावरच्या काळ्या रेघेच्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला तो, आणि जाता-येता दोघेही आपापल्याच बाजूने. तिसरा आला की सगळ्यांनी गोल फिरायचे. एका बाजूने जायचे, दुसऱ्या बाजूने परत यायचे. म्हणून धोक्याचा क्षण असतो तो तिसरा माणूस पाण्यात उतरतो तेव्हाचा. काकांनी करायला हवे होते ते एवढेच : उथळ बाजूला भिंतीशी पाय सोडून बसायचे, दोघी भिंतीशी येईपर्यंत थांबायचे, "मे आय जॉइन?" विचारायचे, आणि दोघींनीही मान हलवल्यावरच उतरायचे. एकीनेच पाहिले असेल तर दुसरीसाठी अजून एक फेरी थांबावे. मिनिटभराचा प्रश्न असतो.

गोल कुठून फिरायचे? आम्ही जातो त्या तलावांत रस्त्यासारखेच, उजव्या बाजूने. काळी रेघ कायम आपल्या डाव्या हाताला राहते, म्हणजे देवळातल्या प्रदक्षिणेच्या नेमके उलट! भारतात डावीकडून गाडी चालवलेल्या आपल्या हातापायांना हे लवकर पचत नाही. काही ठिकाणी प्रत्येक लेनची दिशा वेगळी असते. लेनच्या टोकाला बाणाचा फलक असेल तर तोच खरा मानावा.

2010 च्या डिसेंबरात दुबईच्या हमदान क्रीडा संकुलात 25 मीटरच्या तलावाची जागतिक स्पर्धा झाली, आणि डिसेंबर 2021 मध्ये अबू धाबीला यास बेटावर. अशा स्पर्धेत अडीच मीटर रुंदीच्या लेनमध्ये एकच जण असतो. आपण तेवढ्यातच, किंवा त्याहून अरुंद जागेत, पाच जण मावतो. तेव्हा गर्दीत बटरफ्लाय करू नये, आणि ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांनी पाय फाकताना शेजाऱ्याची आठवण ठेवावी. बॅकस्ट्रोक करायचा तर आधी वरची झेंड्यांची माळ पाहून ठेवा. ती भिंतीपासून 5 मीटरवर असते, आणि दोरीचा रंगही शेवटच्या 5 मीटरला बदलतो. तिथून भिंतीपर्यंत आपले किती हात होतात ते एकदा मोजले की डोके आपटत नाही.

स्लो, मीडियम, फास्ट असे फलक असतात, पण स्वतःचा वेग फलकाकडे पाहून ठरवू नये, त्या वेळी लेनमध्ये कोण आहेत ते पाहून ठरवावा. पुढच्याच्या मागे पाच-सहा मीटर अंतर ठेवावे. ओलांडायचे ते भिंतीशी, मध्येच नाही. दमल्यावर लेनच्या कोपऱ्यात उभे राहावे आणि मधली जागा वळणाऱ्यांसाठी सोडावी. दोरीवर लोंबकळू नये, मुलांनाही लोंबकळू देऊ नये. आत बहुधा लोखंडी तार ताणलेली असते.

आता एक नाजूक गोष्ट. मागून येणाऱ्याला पुढे जायचे असेल तर तो पुढच्याच्या तळपायाला बोट लावतो. आपल्याकडे पायाला हात लावतात तो नमस्कारासाठी, त्यामुळे आपण एकतर गोंधळतो नाहीतर रागावतो. चाळिशीनंतर पोहायला शिकलेल्या आमच्या एका वहिनींना असा स्पर्श झाला आणि "मी सगळ्यांच्या मध्ये येते" म्हणून त्यांनी महिनाभर येणेच सोडले. वहिनी, त्याचा अर्थ फक्त "भिंतीशी जरा थांबा, मी पुढे जातो" इतकाच असतो. स्लो लेन हळू पोहणाऱ्यांचीच असते, तिथे माफी कशाची मागायची? मात्र आपल्या पुरुष मंडळींना आमचे स्पष्ट सांगणे : दुसऱ्याने केले तरी तुम्ही हे करू नका, विशेषतः पुढे बाई असेल तर. या देशात अनोळखी बाईला स्पर्श ही गंभीर बाब होऊ शकते. भिंतीशी थांबा, अंतर पडू द्या, नाहीतर तोंडाने विचारा.

बाकी किरकोळ : आधी शॉवर घ्यावा, आणि त्या दिवशी डोक्याला तेल लावू नये. सुती टी-शर्ट चालत नाही. पोहण्याच्या कापडाचा पूर्ण अंगाचा पोशाख बऱ्याच ठिकाणी चालतो, संकोच वाटणाऱ्या काकूंनी तो जरूर घ्यावा. टोपी बरोबर ठेवावी, बऱ्याच ठिकाणी सक्तीची असते.

2022 पासून सुट्टी शनिवार-रविवारची झाल्याने आता शनिवारी सकाळी गर्दी असते. रमजानमध्ये वेळा बदलतात, तेव्हा फोन करून निघावे. स्त्रियांसाठी राखीव वेळेत यजमानांनी "झाले का?" विचारायलाही आत डोकावू नये, गाडीत बसून राहावे. त्या वेळेला मुलगा बरोबर नेणार असाल तर कितव्या वर्षापर्यंत चालतो ते आधीच विचारून घ्या. प्रत्येक तलावाचे उत्तर वेगळे असते.