परकीय सरकारी कर्ज व उद्योगांचा व्याजभार : सातारा-सांगली

विकसनशील देशाच्या सरकारने परकीय चलनात काढलेल्या कर्जाचा तेथील कारखानदार व व्यापाऱ्यांच्या व्याजदरावर होणारा परिणाम. सरकारची पत घसरली की सचोटीच्या कंपनीलाही परदेशी सावकार सहसा स्वस्तात पैसे देत नाही; चलन सावरण्यासाठी मध्यवर्ती बँकेने दर चढवले की देशातले कर्जही महागते. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय देणी थांबवली, त्याच महिन्यात तेथील मध्यवर्ती बँकेचा कर्जदर एका फटक्यात ७.५ वरून १४.५ टक्क्यांवर गेला.

सातारा जिल्ह्यात असे कर्ज कोयनेच्या रूपाने आले. जागतिक बँकेने १९५९ मध्ये कोयना जलविद्युत प्रकल्पासाठी अडीच कोटी डॉलर मंजूर केले. धरण पाटण तालुक्यात, वीजगृह सह्याद्रीपलीकडे पोफळीला. राज्यघटनेच्या २९३ व्या अनुच्छेदानुसार राज्याला देशाबाहेर कर्ज उभारता येत नाही. म्हणून ऋणको केंद्र सरकार. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला आणि शिल्लक डॉलर-कर्जाचा रुपयांतला बोजा साडेसत्तावन्न टक्क्यांनी फुगला. तरीही कारखान्यांच्या वाट्याला आली ती वीज. परकीय कर्जावरच्या सरसकट टीकेत हा भाग निसटतो.

व्याजदराचा खरा चटका १९९१ चा. भारताची परकीय गंगाजळी आटली, सोने गहाण पडले. रिझर्व्ह बँकेचा बँक दर जुलै ते ऑक्टोबरमध्ये १० वरून १२ टक्क्यांवर गेला आणि दोन लाखांवरील कर्जांसाठी व्यापारी बँकांचा किमान दर २० टक्के झाला. खेळत्या भांडवलावर चालणाऱ्या धंद्यांना असा दर सोसवत नाही. साखर कारखान्याचे उदाहरण घ्यावे : गाळप चार-पाच महिने, विक्री वर्षभर, ऊसबिल मात्र कायद्याने चौदा दिवसांत. मग गोदामातली पोती बँकेकडे तारण ठेवून उचल घ्यायची. समजा उचल क्विंटलला ३,००० रुपये असली, तर दरातल्या एका टक्क्याने वर्षभर पडून राहिलेल्या क्विंटलमागे ३० रुपये जातात. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याचेही गणित हेच. माल थोपवून धरायचा तर व्याज परवडले पाहिजे.

सांगली जिल्ह्यातील ताकारी-म्हैसाळसारख्या उपसा सिंचन योजनांसाठी १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने रोखे काढले. ते देशी कर्ज, राज्याच्या हमीवरचे. परकीय कर्जाशी त्याची गल्लत करू नये.

बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, २००५ पासून, केंद्र परकीय कर्ज मूळ अटींसह जसेच्या तसे राज्याकडे सोपवते. विनिमय दराची जोखीम राज्याची. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर कृष्णा खोऱ्यातील पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेचे साहाय्य घेण्यात आले. कोयनेच्या वेळी ऋणको म्हणून केंद्र पुढे होते. पूरनियंत्रणाच्या या कर्जात मात्र रुपया घसरला तर वाढीव हप्ता राज्याच्या तिजोरीतून भरावा लागतो.